वरच्या घराचं पाणी, खालच्या घराचं परस: सामाईक ड्रेनेज लाइनच्या प्रकल्प नोंदी (सातारा)

9 फेब्रुवारी 2025

सकाळी आमच्याकडच्या आंघोळी चालू असताना खालच्या काकींच्या न्हाणीत जाळीतून पाणी वर आलं. नुसतं साबणाचं नाही, वास मारणारं. दिवाळीपासून हे अधूनमधून होत होतं आणि काकी कामट्या घालून निभावून नेत होत्या. आज त्यांच्या सुनेनं स्पष्ट सांगितलं, घरात मूल रांगतंय, आता हे चालायचं नाही. तिचं बरोबरच आहे.

आधी रचना लिहून ठेवते. पूर्वी हा एकच वाडा होता. आमची पेठ अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर, त्यामुळे दक्षिणेचं आमचं घर वर, काकींचं खाली, आणि मध्ये पुरुषभर उंचीची दगडी ताल, म्हणजे वरची माती धरून ठेवणारी भिंत. आमच्या संडास-न्हाणीचं पाणी ताल उतरून काकींच्या परसातून जातं. त्यांच्या मागच्या ओट्याजवळच्या चेंबरला त्यांची लाइन येऊन मिळते. तिथून दोन्ही घरांचं मिळून सेप्टिक टाकीत, आणि टाकीचं निवळ बोळातल्या गटारात. उतारावरच्या गावात वरच्याचं पाणी खालच्याच्या दारावरूनच वेण्णेकडे जाणार, त्याला इलाज नाही. पण वाटेतल्या पाइपाचा धनी कोण, हे आजवर कुणी ठरवलेलंच नाही.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगचं काम करते. तेव्हा या लाइनचा नकाशा मीच काढणार आणि कामाच्या नोंदीही मीच ठेवणार, असं आज दोन्ही घरांना सांगितलं.

11 फेब्रुवारी

मिस्त्री आले. ओट्याजवळचं चेंबर उघडलं. झाकण पहारीनं उचकटावं लागलं, कडेला सिमेंट भरून टाकलं होतं. आत पाणी तुडुंब. टाकीकडची बाजू मोकळी केल्यावर ते भसकन उतरलं आणि आमच्या पाइपाच्या तोंडाशी तांबूस, केसांसारख्या मुळांचा झुबका दिसला. परसातला औदुंबर. लाइन जुन्या चिनी मातीच्या पाइपांची, दोन-दोन फुटांचे तुकडे, सांध्याला सुतळी आणि सिमेंट. सिमेंटला बारीक तडा गेला की ओलीच्या मागानं मूळ आत शिरतं, आत त्याला पाणीही मिळतं आणि खतही.

म्हणजे टाकीकडच्या तोंडाशी एक तुंबा आणि वर मुळांचा दुसरा. काकींच्या न्हाणीत पाणी चढत होतं ते पहिल्यामुळे, कारण पूर्ण लाइनवर सगळ्यात खालचं उघडं तोंड त्यांच्या न्हाणीचं. घाण वरच्यानं सोडायची आणि ती निघायची खालच्याच्या घरात. त्यामुळेच अशा लाइनीत वरच्या घराला महिनोन् महिने काही कळत नाही.

15 फेब्रुवारी

निळीची परीक्षा. आमच्या संडासात बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ओतली. खाली चेंबरपाशी काकींचा मुलगा बसला. निळं पाणी आलं, पण उशिरा आणि फिकट. मग दुसरी बादली, तिसरी. तेवढ्यात काकी तालीच्या पायथ्याशी गेल्या आणि तिथूनच हाक मारली, "इकडं या, हे बघा." तालीच्या दगडांच्या सांध्यातून निळा ओघळ येत होता, जास्वंदीच्या बुडाशी माती निळी झाली होती.

त्यानंतर आरसा आणि बॅटरी. चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडाशी आरसा तिरका धरायचा आणि वरच्या टोकाला बॅटरी लावायची. लाइन सरळ असेल तर आरशात पूर्ण गोल उजेड दिसतो. आम्हाला दिसली ती वरच्या अंगाला नखाएवढी कोर. मधला भाग खचलाय आणि तिथं पाणी साचून राहतंय.

तालीच्या पायथ्यापासून आड बारा-तेरा पावलांवर आहे. हे नकाशावर मांडलं आणि मग मला चैन पडेना.

18 फेब्रुवारी

आडाचं पाणी काकी पीत नाहीत, पण भांडी त्याच पाण्यानं निघतात, तुळशीला तेच, आणि नळाला पाणी आलं नाही त्या दिवशी बाळाची आंघोळही. परवा त्या पाण्याची एच-टू-एसची बाटली भरून आमच्या फडताळात ठेवली होती. छोटी काचेची बाटली, आत औषध लावलेली पट्टी. पाणी भरून उबदार जागी ठेवायचं, मैल्यातले जंतू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. आमच्या बाटलीत पहिल्या रात्रीनंतर पट्टीच्या कडा काळवंडल्या, आज सकाळी पाणी शाईसारखं.

बाटली काळी झाली म्हणून गळती आमच्याच पाइपाची हे सिद्ध होत नाही. टाकीही त्याच परसात आहे. पण तालीतून झिरपणारी नीळ आमच्या संडासातली होती, हे दोन्ही घरांनी डोळ्यांनी पाहिलंय. दुरुस्ती कुणी करायची याचा खल नंतर होईल, आजची गोष्ट आज. संध्याकाळपर्यंत मिस्त्रींनी जुनी लाइन वरच्या तोंडाशी बंद केली आणि तालीवरून, परसाच्या कडेनं, जमिनीच्या वरून तात्पुरता 110 मिलिमीटरचा पाइप टाकून थेट चेंबरला जोडला. दिसायला वाईट, पण गळत नाही. आडाचं पाणी पूर्ण बंद, दोरी-पोहरा काढून ठेवला.

खर्च आमचा. यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

23 फेब्रुवारी

कागदपत्रं. सासूबाईंनी ट्रंकेतून 1978 चं वाटणीपत्र काढलं. चतु:सीमा, बोळ, आड, औदुंबर, सगळं लिहिलेलं. सांडपाण्याबद्दल एकच वाक्य: पाण्याच्या निकासाची वहिवाट पूर्वापार चालत आली आहे तशी चालू ठेवावी. कुठून जाते, कुणी दुरुस्त करायची, खर्च कुणाचा, काही नाही. खालचा भाग चुलत सासऱ्यांनी नंतर काकींच्या यजमानांना विकला. त्या खरेदीखतात गटाराचा उल्लेखच नाही. मिळकत पत्रिकेवर ‘सुविधाधिकार’, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून वाट किंवा पाणी नेण्यासारखा हक्क, असा रकाना असतो, दोन्ही घरांच्या उताऱ्यावर तो कोरा.

संध्याकाळी वकीलकाकांकडे, आम्ही दोघं आणि काकींचा मुलगा. एकाच वकिलाकडे मिळून जायचं हे मी आग्रहानं ठरवलं. दोन वकील म्हणजे दोन नोटिसा आणि पुढे दिवाणी न्यायालय, तोवर पाइप तसाच गळत राहणार.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत. 1882 चा इझमेंट, म्हणजे सुविधाधिकाराचा, कायदा, मुंबई इलाख्याला 1891 पासून लागू. कलम 13: एका धन्याच्या मिळकतीची वाटणी झाली, आणि एका वाट्याचं पाणी दुसऱ्यातून जाण्याची सोय आधीपासून उघड दिसेल अशी आणि सततची असेल, त्या वाट्याला तिची गरज असेल, तर वाटणीनंतरही ती चालू राहते, उलट काही ठरलं नसेल तर. ‘उघड’ म्हणजे जाणकारानं नीट पाहिलं तर सापडेल अशी. चेंबरचं झाकण हीच खूण. खालचं घर विकलं म्हणून हा हक्क बुडत नाही, तो जमिनीबरोबर जातो.

इथवर ऐकून आमच्या ह्यांचा चेहरा खुलला. पुढचं ऐकून तसा राहिला नाही. कलम 25: हक्क टिकवायला लागणारं बांधकाम, दुरुस्ती, सगळा खर्च हक्क भोगणाऱ्याचा. कलम 26: पाइपाची दुरुस्ती न केल्यानं खालच्याच्या मिळकतीचं नुकसान झालं तर भरपाई वरच्यानं द्यायची. कलम 27: ज्याच्या जमिनीतून पाणी जातं त्याच्यावर काहीही करण्याचं बंधन नाही. आणि कलम 24 प्रमाणे दुरुस्तीसाठी खालच्याच्या जमिनीत जाता येतं, खणता येतं, पण सोयीच्या वेळी, कमीत कमी त्रास देऊन, आणि काम झाल्यावर जमीन पूर्ववत करून.

मला हा कायदा फार न्यायाचा वाटला. दुसऱ्याच्या परसातून पाणी न्यायचा हक्क हवा असेल तर त्या पाण्याची राखणही आपणच करायची. आमच्या पेठेत कितीतरी घरं "आमची वहिवाट आहे" एवढंच ठणकावून सांगतात आणि पाइप फुटला की "तुमच्या हद्दीत फुटला, तुम्ही बघा" म्हणतात. ही दोन वाक्यं एका तोंडात शोभत नाहीत.

2 मार्च

काकींच्या ओट्यावर बैठक. नकाशा पसरला. तालीपासून ओट्याजवळच्या चेंबरपर्यंत 38 फूट: इथं फक्त आमचं पाणी. चेंबरपासून टाकीपर्यंत 12 फूट: दोघांचं. पुढे टाकी आणि बोळापर्यंतचा तुकडा: दोघांचा.

पहिला तुकडा पूर्णपणे आमचा, यावर वाद झालाच नाही. सामाईक भागावर अडलं. काकींचा मुलगा म्हणाला, "तुम्ही सहा जण, आम्ही चौघं. तुमचे संडास दोन, आमचा एक. निम्मं-निम्मं कसं?" ह्यांचं म्हणणं, पाइप टाकायला माणसं किती हे कुठं लागतं, खणायला तेवढीच मजुरी. दोघांचंही खरं होतं, आणि दोघंही जरा चढ्या आवाजात बोलत होते. काकी मध्येच उठून चहा टाकायला गेल्या.

शेवटी खर्चाचे दोन प्रकार केले. पाइप, चेंबर, झाकणं, खुदाई हे एकदाचं काम, माणसं कमी-जास्त झाली म्हणून बदलत नाही, ते निम्मं-निम्मं. टाकीचा उपसा हा भरण्यावर अवलंबून, तो त्या वेळी घरात राहणाऱ्या माणसांच्या प्रमाणात. आणि तुंबलं ते विशिष्ट वस्तूमुळे असं दिसलं, म्हणजे डायपर, पॅड, चिंध्या, तर ज्या घराची वस्तू त्याचा खर्च. हा शेवटचा मुद्दा वहिनींनी, म्हणजे काकींच्या सुनेनं, स्वतःहून मांडला, बाळाचे डायपर त्यांच्याच घरात असूनही. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

एक गोष्ट आमच्या घराला जड गेली. ह्यांच्या मनात वर मजला चढवून दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या आहेत. वकीलकाकांनी आधीच बजावलं होतं की हक्क आहे त्या वापराचा आहे, खालच्या जमिनीवर जास्तीचा बोजा लादता येत नाही. तेव्हा नवा संडास जोडायचा असेल तर काकींची लेखी संमती घ्यायची, हेही कागदावर घ्यायचं ठरलं.

9 मार्च

औदुंबर. काकींच्या मुलाचं मत, झाडच काढावं. काकींनी कानावर हात ठेवले, त्यांच्याकडे गुरुवारी पूजा असते. पूजेचं बाजूला ठेवलं तरी शहरातलं झाड तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि मुळात गरज नाही. मुळं फुटक्या सांध्यात शिरतात, अखंड पाइपात नाही. लाइन खोडापासून आणखी पाच फूट लांबून न्यायची आणि सांधे कमीत कमी ठेवायचे. झाड राहतंय.

16 ते 20 मार्च: खुदाई आणि नवी लाइन

पहिला दिवस खणण्यात. वर वीतभर काळी माती, खाली मुरूम. जुनी लाइन उघडी पडली तेव्हा कळलं की पाइप मुरमावर न ठेवता भरावावर ठेवले होते. भराव दबला, मधले चार-पाच तुकडे बसले आणि तिथं पोट तयार झालं. तालीच्या पायथ्याशी जिथं उभा पाइप आडवा होतो तिथं एकच काटकोनी बेंड होता. वरून येणारं पाणी वर्षानुवर्षं त्या एका ठिकाणी आदळून सांधा निखळला होता. निळीचा ओघळ तिथलाच.

उताराचा हिशेब मिस्त्रींच्या तोंडी जुन्या पद्धतीचा: पाइप जितक्या इंचाचा त्याला दहानं गुणा, तेवढ्या फुटांना एक फूट उतार. चार इंचीला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठात एक. आमच्या 38 फुटांना साडेअकरा इंच हवेत. लेव्हलच्या नळीनं मोजलं तर दोन टोकांत 13 इंच मिळतात. म्हणजे उतार पहिल्यापासून पुरेसा होता, फक्त तो सगळीकडे सारखा नव्हता. चेंबर ते टाकी 12 फुटांत तीनच इंच मिळतात. चार इंचीला तेवढ्यावर भागत नाही, शिवाय पाणी दोन घरांचं. तिथं 160 मिलिमीटरचा, म्हणजे सहा इंची पाइप घेतला, त्याला अडीच इंच पुरतात.

चारीच्या तळाशी मुरूम ठोकून त्यावर क्रश सँडचा थर. प्रत्येक पाइप बसवला की दोरी आणि लेव्हल. मिस्त्री एका पाइपासाठी तीन-तीनदा वाळू काढायचे-घालायचे, हातानं थापटायचे आणि परत डोळा लावायचे. घाई करायला कुणी सांगितलं की नुसतं बघायचे. तालीच्या पायथ्याशी एका काटकोनाऐवजी 45 अंशांचे दोन बेंड, त्यांच्याखाली काँक्रीटची उशी. पायथ्याशी नवं चेंबर, कारण वळणावर उघडायला जागा नसली की पुढे तुंबल्यावर परस फोडावं लागतं. ओट्याजवळच्या चेंबरच्या तळाला सिमेंटची अर्धगोल पन्हळ घडवली आणि काकींची लाइन प्रवाहाच्या दिशेनं वळवून घेतली. आधी ती समोरासमोर धडकत होती.

माती ओढण्याआधी पाण्याची परीक्षा. खालचं तोंड रबरी बुचानं बंद, वरून लाइन भरली, पाण्याच्या पातळीवर खडूची रेघ मारली. अर्ध्या तासानं रेघ आणि पाणी जागच्या जागी. मग आरसा धरला: पूर्ण गोल. काकींनीही वाकून पाहिला.

परस पूर्ववत करणं आमच्याकडे. शहाबादी फरशा त्याच परत बसवल्या, तीन फुटल्या होत्या त्या नव्या आणल्या. जास्वंद जगली.

30 मार्च, पाडवा

काम नाही. हिशेब तेवढा दिला. सगळं मिळून 46,800 रुपये, त्यातला सामाईक भाग 15,200. काकींच्या वाट्याचे 7,600 त्यांच्या मुलानं दुपारीच पाठवले.

12 एप्रिल

टाकीचा उपसा. पालिकेची सक्शन गाडी बोळात शिरत नाही, तोंडाशी उभी करून लांब नळी आत घेतली. टाकी अनेक वर्षांत उपसलेली नव्हती, खरं तर दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. गाळ इतका घट्ट की पाणी मारून सैल करावा लागला.

इथं एक गोष्ट ठासून लिहिते. शेजारच्या बोळातल्या एकानं "माझा माणूस आत उतरून तासाभरात खरवडून देईल, गाडीपेक्षा स्वस्त" असं सुचवलं. साफ नाही म्हटलं. 2013 च्या कायद्यानं कोणालाही साधनांशिवाय सेप्टिक टाकीत किंवा गटारात उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूंची भरपाई 30 लाखांवर नेली. पण कायदा नसता तरी आम्ही हे केलं नसतं. टाकीतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही, आणि त्याला वाचवायला जो वाकतो तोही जातो. आपल्या घरच्या मैल्यासाठी दुसऱ्याचं माणूस पणाला लावायचं नाही. करारनाम्यात हे स्वतंत्र कलम घातलंय: उपसा फक्त यंत्रानं, कोणीही आत उतरणार नाही.

टाकी रिकामी झाल्यावर काकींच्या गच्चीचा पावसाळी पाइप थेट टाकीत सोडलेला दिसला. साताऱ्याच्या पावसात गच्चीचं पाणी टाकीत आलं तर बसलेला गाळ ढवळून गटारात जाणार आणि टाकी चेंबरपर्यंत फुगणार. तो पाइप तोडून बोळाच्या कडेच्या पन्हळीत सोडला. त्याचा खर्च काकींचा, त्यांनी आनंदानं केला.

28 एप्रिल

करारनाम्यावर सह्या आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदणी. नोंदणीचा आग्रह वकीलकाकांचा. साध्या कागदावरचं ठरलेलं आपल्या पिढीपुरतं. उद्या कुठलंही घर विकलं गेलं तर घेणाऱ्याला शोध घेताना हा दस्त सापडला पाहिजे. माझा नकाशा मापांसकट दस्ताला जोडला: चेंबर कुठं, पाइप किती खोल, घराच्या कोपऱ्यापासून किती फुटांवर.

दुरुस्तीसाठी परसात यायचं तर एक दिवस आधी सांगायचं, तुंबून पाणी वर येत असेल तर लगेच, आणि दार उघडायला नकार द्यायचा नाही. चेंबरांवर फरशी, सिमेंट, कुंडी, काही ठेवायचं नाही. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, दोन्ही घरांनी मिळून झाकणं उघडायची. निबंधक कार्यालयात काकींनी सही करण्याआधी शेवटपर्यंत वाचून घेतलं आणि ‘कुंडी’ शब्दापाशी थांबून विचारलं, "तुळस पण नको का?" तुळस चेंबरापासून हलवायची जागा तिथंच नकाशावर ठरवली.

27 मे

वळीव म्हणता म्हणता यंदा मे महिन्यातच पावसाळा लागला, काल मुंबईतही मोसमी पाऊस पोचल्याची बातमी. आठवडाभर झोड आहे. दोन्ही चेंबरं उघडून पाहिली: पन्हळीतून पाणी वाहतंय, साचलेलं नाही. तालीचा पायथा पावसानं ओला, पण वास नाही. पाऊस थांबला की तिथं पुन्हा एकदा नीळ सोडून बघायची आहे.

15 जून

काल उघडीप मिळाली. नीळ सोडली, तालीतून काही आलं नाही, चेंबरमध्ये मात्र भराभर आणि गडद आली.

आड एप्रिलमध्ये पूर्ण उपसून घेतला होता आणि पाण्याच्या मापानं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं होतं. 12 तारखेला बाटली भरली, तीन दिवसांत रंग बदललेला नाही. तरी पावसाळा संपेपर्यंत हे पाणी बाळासाठी आणि भांड्यांना वापरायचं नाही असं वहिनींनी आणि मी ठरवलं, ऑक्टोबरमध्ये आणखी एक बाटली भरायची. झाडांना आणि फरशी धुवायला आजपासून सुरू.

राहिलेलं काम एकच: बोळातल्या गटाराची लादी आमच्या पाइपाच्या तोंडाशी खचली आहे. ते गटार सार्वजनिक, तिथं आपण हात घालायचा नाही. दोन्ही घरांच्या सहीचा अर्ज फोटोसह पालिकेत दिला, पोच घेतली, पोच काकींच्या फाइलला लावली.